वाचकांचे प्रश्न: जनरेटरला स्वतःची वेव्हफॉर्म पाठवताय? आधी बाइट मोजा

मागच्या अंकात सिग्नल जनरेटरच्या आर्बिट्ररी मोडबद्दल, म्हणजे साइन-स्क्वेअर सोडून आपल्याला हवी ती वेव्हफॉर्म टाकण्याबद्दल थोडं लिहिलं होतं, तर त्यावर इतकी पत्रं आली की हा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. बहुतेकांची अडचण एकच आहे. गणित बरोबर असतं, पायथनमध्ये ग्राफ सुंदर येतो, आणि मशीनला पाठवलं की घोळ. कारण ग्राफ हा आकड्यांचा असतो आणि मशीनला जातात ते बाइट, मधलं जे रूपांतर आहे तिथे कोणी बघतच नाही. खाली सगळी उत्तरं फिरून फिरून तिथेच येतील. कमांड इथे देवनागरीत लिहिल्यात, मशीनला अर्थातच मॅन्युअलमधल्या स्पेलिंगनेच द्यायच्या.

प्रश्न: सर नमस्कार, मी पॉलिटेक्निकला लॅब असिस्टंट आहे. १००० पॉइंटची वेव्हफॉर्म बनवली आणि कमांडच्या पुढे हॅश, ४, १००० असं लिहून डेटा जोडला. मशीन बीप करून वजा ११३ एरर देतं. कधी कधी तर नुसतंच अडकून बसतं आणि पुढची कुठलीच कमांड घेत नाही. डेटा तर बरोबर आहे, मग चुकतंय कुठे? (सांगली)

डेटा बरोबरच असणार, चूक त्याच्या आधीच्या सहा अक्षरांत आहे. तुम्ही पॉइंट मोजलेत, मशीन बाइट मोजतं.

हे हॅशचं प्रकरण नीट समजून घ्या म्हणजे परत कधी त्रास होणार नाही. आयईईई ४८८.२ नावाचं स्टँडर्ड १९८७ साली आलं, त्यात बायनरी डेटा कमांडमध्ये कसा गुंडाळायचा ते ठरवून दिलंय. आधी हॅश, मग एक आकडा, मग संख्या, मग लगेच डेटा. तो जो एकटा आकडा आहे तो सांगतो की पुढची संख्या किती अंकी आहे, आणि ती संख्या सांगते की पुढे किती बाइट येणार आहेत. तुमचा प्रत्येक पॉइंट १६ बिटचा, म्हणजे २ बाइट. १००० पॉइंटचे २००० बाइट. २००० ही चार अंकी संख्या. म्हणून #४२०००. मध्ये स्पेस नाही, कॉमा नाही, शेवटच्या शून्याला चिकटूनच पहिला डेटा बाइट.

गोदामात ट्रकबरोबर चलन येतं ना, त्यावर लिहिलेली पोती आणि उतरवलेली पोती जुळली पाहिजेत, तसंच हे. तुमच्या चलनावर १००० लिहिलंय आणि माल २००० चा आहे. मशीनने पहिले १००० बाइट म्हणजे फक्त ५०० पॉइंट घेतले, आणि उरलेले १००० बाइट आता नवीन कमांड आहे असं समजून वाचायला लागलं. त्या कचऱ्यात त्याला कुठली ओळखीची कमांड सापडणार? म्हणून वजा ११३, म्हणजे अशी कमांड मला माहीत नाही. कधी कधी वजा १०१ सुद्धा येतो, चुकीचं अक्षर म्हणून.

आणि अडकून बसतं तेव्हा बरोबर उलटं झालेलं असतं. चलनावर जास्त लिहिलं आणि माल कमी गेला. मशीन उरलेल्या बाइटची वाट बघत बसतं, तुम्ही पुढे जी कमांड पाठवता ती सुद्धा डेटा समजून गिळतं, आणि तुम्हाला वाटतं मशीन हँग झालं. ते हँग नाहीये, ते इमानदारीत मोजतंय. अशा वेळी इंटरफेसवरून डिव्हाइस क्लिअर पाठवा, पॉवर बंद-चालू करायची गरज सहसा पडत नाही.

एक गोष्ट अजून, ही पायथन ३ वाल्यांना खूप छळते. हेडर, म्हणजे हॅशपासून संख्येपर्यंतचा भाग, आणि डेटा मिळून एक स्ट्रिंग केली आणि सॉकेटवर पाठवायच्या आधी एन्कोड केली, की यूटीएफ-८ मध्ये १२७ च्या वरचा प्रत्येक बाइट दोन बाइटचा होतो. म्हणजे हेडर बरोबर, डेटा बरोबर, आणि तरीही वायरवर जास्त बाइट गेले. डेटाला स्ट्रिंग करूच नका, पहिल्यापासून बाइट्सच ठेवा. किंवा सरळ मशीनशी बोलायच्या पायव्हिसा लायब्ररीचं राइट बायनरी व्हॅल्यूज वापरा, ते हॅशचं हेडर स्वतः लावतं. फक्त मग वर आपलं हेडर परत लावू नका. आणि ते फंक्शन सांगितल्याशिवाय ३२ बिट फ्लोट पाठवतं, १६ बिट पूर्णांक हवे असतील तर डेटाटाइपमध्ये छोटा एच लिहावाच लागतो.

प्रश्न: बायनरी कशाला हवं? कॉमा टाकून सरळ आकडे पाठवले तर चालतं ना? (एक वाचक, अकोला)

चालतं, आणि हजार-दोन हजार पॉइंट असतील तर तसंच करा, मी पण हेच सांगेन. बऱ्याच मशीनना वजा १ ते अधिक १ मधले दशांश आकडे कॉमाने तोडून चालतात, डोळ्यांनी वाचता येतात, बाइट उलटसुलट व्हायची भानगडच नाही. पण वजा चिन्ह, शून्य, पॉइंट, पाच अंक आणि कॉमा धरला तर एका पॉइंटला ९ अक्षरं झाली, बायनरीत २ बाइट. दहा लाख पॉइंटला ९० लाखांच्या आसपास अक्षरं विरुद्ध २० लाख बाइट, आणि वर मशीनला प्रत्येक आकडा वाचून परत बायनरीत बदलायचा, तिथे जास्त वेळ जातो. मोठी वेव्हफॉर्म असेल तेव्हा बायनरीला पर्याय नाही.

प्रश्न: सर मी बी.ई. ला आहे, प्रोजेक्टसाठी साइन वेव्ह बायनरीत पाठवली. एरर काही येत नाही पण सिग्नल दाखवणाऱ्या स्कोपवर नुसतं गवत दिसतंय, साइन कुठेच नाही. आणि दुसऱ्या लॅबमधल्या दुसऱ्या कंपनीच्या जनरेटरला तीच फाइल दिली तर वेगळाच विचित्र आकार आला, वरचा अर्धा खाली आणि खालचा वर असा. मशीन खराब असेल का? (छत्रपती संभाजीनगर)

दोन्ही मशीन ठणठणीत आहेत, आणि तुझी लक्षणं इतकी स्पष्ट आहेत की न बघता सांगता येतं. पहिल्यात बाइटची ऑर्डर उलटी आहे, दुसऱ्यात चिन्हाचा, म्हणजे वजा-अधिकचा, घोळ आहे.

पहिलं घे. ३०० हा आकडा दोन बाइटमध्ये कसा बसतो? ३०० म्हणजे एकदा २५६ आणि वर ४४. म्हणून मोठा बाइट १, छोटा बाइट ४४. आता कोणता आधी पाठवायचा? इंटेल किंवा एएमडीच्या पीसीत छोटा आधी ठेवतात, ४४ मग १. आणि अ‍ॅजिलेंटच्या, म्हणजे आताच्या कीसाइटच्या, ३३२२०ए सारख्या जनरेटरला काही न सांगता मोठा आधी लागतो. तू पीसीतला डेटा जसाच्या तसा दिलास तर त्याने ४४ ला मोठा धरलं, आणि ४४ गुणिले २५६ अधिक १ म्हणजे ३०० चे ११,२६५ झाले. आता मजा बघ, १६ बिटमध्ये चिन्हाचा आकडा वजा ३२,७६८ ते ३२,७६७ मध्येच बसतो, त्यामुळे १२७ चे होतात ३२,५१२, जवळजवळ सगळ्यात वर, आणि त्याच्या पुढचाच १२८ होतो वजा ३२,७६८, एकदम तळाला. म्हणजे शेजारचे दोन पॉइंट, मुळात फरक फक्त एकचा, आणि स्कोपवर एक छताला दुसरा जमिनीला. साइनचं गवत झालं ते असं.

उपाय दोन आहेत. एक तर मशीनला सांगायचं की बाइट उलटे येतायत, अ‍ॅजिलेंटमध्ये त्याची कमांड फॉर्म:बॉर्ड स्वॅप अशी आहे. नाहीतर पीसीतच उलटायचे, नमपाय या पायथनच्या लायब्ररीत प्रकार ठरवताना आय२ च्या आधी मोठ्याचं चिन्ह लावलं की मोठा बाइट आधी येतो, छोट्याचं लावलं की छोटा. यातलं एकच कर. दोन्हीकडे उलटलंस तर परत होतं तिथेच येशील, आणि ग्रुप प्रोजेक्टमध्ये हे हमखास होतं कारण एकजण कोडमध्ये उलटतो आणि दुसरा मशीनमध्ये. ३३२२०ए सारख्या १४ बिटच्या मशीनमध्ये निदान एक सोय आहे, तिथे आकडा वजा ८१९१ ते ८१९१ मध्येच लागतो, त्यामुळे उलटे बाइट बऱ्याचदा रेंजच्या बाहेर जाऊन वजा २२२ एरर येतो. पूर्ण १६ बिट घेणारं मशीन काही बोलत नाही, गपचूप कचरा वाजवतं. तुझं तसंच असणार.

दुसऱ्या मशीनचं वेगळं आहे. काही जनरेटर चिन्हाचा आकडा घेतच नाहीत, त्यांना तळ म्हणजे शून्य आणि मधली रेषा म्हणजे अर्धी रेंज. उदाहरणार्थ रिगोलच्या डीजी१०००झेडमध्ये १४ बिट पूर्णांक ० ते १६,३८३ असे जातात, मध्य ८१९२ ला. अशा मशीनला चिन्हाचे आकडे दिले की शून्य पडतं तळाला, अधिकवाला अर्धा भाग खालून वर चढतो, आणि वजावाले आकडे बिनचिन्हाचे वाचले की प्रचंड मोठे होतात म्हणून ते छताला लटकतात. हाच तो तुझा विचित्र आकार. आकडे आधी वजा ८१९२ ते ८१९१ मध्ये बसव, मग ८१९२ मिळवून पाठव, सरळ होईल. सिग्लेंटच्या एसडीजी मालिकेत चिन्हाचे आकडे चालतात पण छोटा बाइट आधी लागतो. म्हणजे तीन कंपन्या, तीन तऱ्हा. एका मशीनची चालू फाइल दुसऱ्याला चालेल असं कधीही गृहीत धरायचं नाही, आणि हे सगळं यूजर गाइडमध्ये नसतं, प्रोग्रामिंग गाइड म्हणून वेगळी पीडीएफ असते, त्यात डॅक (आकड्याचं व्होल्टेज करणारा भाग), बाइट ऑर्डर असे शब्द शोध.

आणि एक कळकळीची विनंती, नवीन मशीनवर पहिली टेस्ट साइनने करू नकोस. साइन दोन्हीकडून सारखी असते, उलटी झाली, सरकली, थोडी कापली गेली तरी पटकन कळत नाही. रॅम्प पाठव. वजा ३२,७६४ पासून चार-चार वाढवत ३२,७६४ पर्यंत, १६,३८३ पॉइंट होतात. बरोबर गेलं तर एक सरळ चढ दिसेल. बाइट उलटे असतील तर स्कोपवर आधी भरीव पट्टा दिसेल, आणि टाइमबेस लहान करून आत गेलास की करवतीसारखे दात, एका दातात ६४ पॉइंट, एकूण साधारण २५६ दात. चिन्हाचा घोळ असेल तर एक चढ अर्ध्यातून तुटून दोन होईल. एखादा बाइट मध्येच गळला असेल तर तिथपर्यंत चढ स्वच्छ आणि तिथून पुढे गवत. एका चित्रात सगळं निदान. मला तर वाटतं कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये पहिला प्रयोग हाच ठेवायला हवा.

प्रश्न: १००० पॉइंटची बायनरी फाइल विंडोजवर सेव्ह केली, साइज २००० बाइट यायला हवी, येते २००८. कुठून आले हे ८? (रत्नागिरी)

तुमच्या डेटात ८ बाइट असे आहेत ज्यांची किंमत १० आहे. १० म्हणजे नवीन ओळीचं अक्षर, आणि फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडली असेल तर विंडोज प्रत्येक १० च्या आधी एक १३ घुसवतं. फाइल उघडताना बायनरी मोड द्या, डब्ल्यूच्या पुढे बी. बाकी साइज बघायची सवय तुम्हाला आहे हे फार चांगलं आहे, नव्वद टक्के लोक बघत नाहीत. आणि जुन्या सीरियल पोर्टवरून पाठवत असाल तर ७ बिट आणि पॅरिटीचं सेटिंग बदलून ८ बिट करा, नाहीतर प्रत्येक बाइटचा सगळ्यात वरचा बिट वाटेतच जातो. एक्सऑन-एक्सऑफ, म्हणजे थांब-चालूचे इशारे, पण बंद ठेवा, त्यात १७ आणि १९ किमतीचे बाइट सिग्नल समजून गिळले जातात.

प्रश्न: आम्ही रिले टेस्टिंगचं काम करतो. ५० हर्ट्झमध्ये २० टक्के तिसरा हार्मोनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सीची साइन) मिसळून जनरेटरमधून अ‍ॅम्प्लिफायरला देतो. तीन तक्रारी आहेत. शिखराच्या जागी वेव्ह एकदम खाली कोसळते, प्रत्येक सायकलला झीरो क्रॉसिंगजवळ बारीक खाच दिसते, आणि व्होल्टेज सेट केल्याच्या दुप्पट येतं. कोड सोबत जोडला आहे. (नाशिक)

कोड बघितला. तिन्हीची कारणं वेगवेगळी आहेत.

शिखर कोसळतं कारण तुम्ही हार्मोनिक वजा चिन्हाने मिसळलाय, त्यामुळे ९० अंशाला मूळ १ आणि हार्मोनिकचे ०.२ एकमेकांत मिळून १.२ होतात. त्याला ३२,७६७ ने गुणलं की ३९,३२०. हा आकडा १६ बिटमध्ये मावत नाही, आणि पायथन तुम्हाला काही न सांगता तो बहुतेक वेळा गुंडाळून टाकतं, ३९,३२० वजा ६५,५३६ म्हणजे वजा २६,२१६. शिखर होतं तिथे दरी. रिलेवर अशी वेव्ह गेली तर तुमच्या टेस्ट रिपोर्टला काही अर्थच राहणार नाही, म्हणून हे आधी दुरुस्त करा. पूर्णांक करायच्या आधी सगळी वेव्ह १.२ ने भागा. मग मात्र लक्षात ठेवा की मशीनवर सेट करायचं अ‍ॅम्प्लिट्यूड हे पूर्ण रेंजचं असतं, नुसत्या ५० हर्ट्झच्या भागाचं नाही. मूळ भाग २ व्होल्ट पीक हवा असेल तर पूर्ण रेंज २.४ पीक, म्हणजे मशीनवर ४.८ व्होल्ट पीक-टू-पीक. प्रत्येक वेव्हला तिच्या तिच्या कमालीने आपोआप भागायचं असं कोडमध्ये करू नका, कारण मग हार्मोनिकचं प्रमाण बदललं की मूळ व्होल्टेज पण बदलतं आणि दोन टेस्टची तुलना करता येत नाही. भागायचा आकडा एकदा ठरवा आणि सगळ्या सेटला तोच ठेवा.

खाच आहे ती सारख्या अंतरावर आकडे पाडून देणाऱ्या नमपायच्या लिनस्पेसमुळे. ० ते १ मध्ये २०० पॉइंट मागितले की तो शेवटचा १ पण देतो, आणि सायकलचा शेवट म्हणजे पुढच्या सायकलची सुरुवात, तोच पॉइंट दोनदा वाजतो. तुमच्या १० हजार सॅम्पल प्रति सेकंदाला तेवढे १०० मायक्रोसेकंद वेव्ह शून्यावर थांबते. एंडपॉइंट फॉल्स करा, खाच गेली.

दुप्पट व्होल्टेज ही चूकच नाही. जनरेटर असं धरून चालतो की समोर ५० ओमचा लोड आहे आणि त्याच्या स्वतःच्या ५० ओमवर निम्मं पडणार. तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरची इनपुट रेझिस्टन्स मोठी, तिथे काही पडत नाही. आउटपुट लोडचं सेटिंग हाय-झेड, म्हणजे समोर मोठी रेझिस्टन्स आहे असं, करा, डिस्प्ले आणि स्कोप जुळतील.

प्रश्न: आम्ही बायोमेडिकलच्या मुली आहोत, पुण्यात शिकतो. आमच्या ईसीजी अ‍ॅम्प्लिफायरला खरा ईसीजी सिग्नल द्यायचाय. एमआयटी-बीआयएच डेटाबेसमधून १०० नंबरचं रेकॉर्ड घेतलं आणि त्याची डॅट फाइल थेट जनरेटरला पाठवली तर काहीच्या काही येतं. त्याला वेगळं फॉरमॅट करावं लागतं का? (पुणे)

हो, आणि तुमचा प्रश्न या महिन्यातला सगळ्यात छान आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा डेटाबेस बोस्टनच्या बेथ इस्राएल हॉस्पिटलमधल्या रेकॉर्डिंगवरून बनलाय, १९८० पासून वाटला जातो, अर्ध्या-अर्ध्या तासाची ४८ रेकॉर्ड आहेत आणि फिजिओनेटवर फुकट मिळतात. सेकंदाला ३६० सॅम्पल, ११ बिट, एकूण १० मिलिव्होल्टची रेंज. त्या काळी जागा महाग होती, म्हणून २१२ नावाचा फॉरमॅट वापरला. त्यात दोन सॅम्पल, १२-१२ बिटचे, मिळून ३ बाइटमध्ये कोंबलेत. तुमच्या जनरेटरला प्रत्येक सॅम्पल २ बाइटचा हवाय. म्हणजे पहिल्या बाइटपासूनच दोघांची मोजणी वेगळी.

१०० नंबरच्या फाइलचे पहिले तीन बाइट दशमान आकड्यांत २२७, ५१, २४३ असे आहेत. मधला ५१ दोघांत वाटलेला आहे. त्याचे खालचे ४ बिट म्हणजे ३, ते पहिल्या सॅम्पलचे, आणि वरचे ४ बिट, ते पण इथे ३ च, दुसऱ्या सॅम्पलचे. पहिला सॅम्पल ३ गुणिले २५६ अधिक २२७, झाले ९९५. दुसरा ३ गुणिले २५६ अधिक २४३, झाले १०११. आणि हे दोन एकामागचे एक सॅम्पल नाहीत बरं का, एकाच क्षणाचे दोन लीड, म्हणजे शरीरावरच्या वेगळ्या जागांवरून घेतलेले सिग्नल, आहेत, पहिला एमएल-टू आणि दुसरा व्ही-फाइव्ह. तुम्हाला एकच लीड हवी असेल तर प्रत्येक तीन बाइटमधून एकच आकडा उचलायचा. फाइल १९,५०,००० बाइटची आहे, भागिले ३, म्हणजे ६,५०,००० सॅम्पल. जुळतंय का ते आधी बघा, डाउनलोड अर्धवट झालेलं असतं कधी कधी.

आता शून्य रेषा १०२४ ला आहे आणि १ मिलिव्होल्टला २०० पायऱ्या. ९९५ वजा १०२४ म्हणजे वजा २९, भागिले २००, वजा ०.१४५ मिलिव्होल्ट. झाला तुमचा पहिला खरा व्होल्टेज. जनरेटरला द्यायचं तर तो वजा २९ मोठा करावा लागेल, नाहीतर १६ बिटमधला कोपराच वापरला जाईल. ३१ ने गुणा. टोकाचा १०२४ सुद्धा ३१,७४४ ला थांबतो, मावतो. वजा २९ चे वजा ८९९ होतील, आणि मोठा बाइट आधी या क्रमाने ते बाइट २५२ आणि १२५. पाठवायच्या आधी पहिले दोन बाइट प्रिंट करून हे दोनच आकडे येतायत का ते बघा. आले म्हणजे उलगडणं, वजाबाकी, गुणाकार, चिन्ह आणि क्रम पाचही गोष्टी बरोबर आहेत. हेडर #७१३०००००, कारण ६,५०,००० च्या दुप्पट १३,००,०००, सात अंकी.

पूर्ण १६ बिटमध्ये चिन्हाचे आकडे घेणाऱ्या कीसाइट ३३५००बी मालिकेत एका चॅनलला दहा लाख पॉइंट बसतात, तिथे हे अख्खं जाईल. सॅम्पल रेट ३६० ठेवायचा, ३० मिनिटं आणि साडेपाच सेकंद वाजेल. पायव्हिसाचा टाइमआउट मुळात २ सेकंदांचा असतो, तो ३० सेकंद करा आणि डेटा गेल्यावर स्टार-ओपीसी-प्रश्नचिन्ह, म्हणजे काम संपलं का, असं विचारून उत्तर येईपर्यंत थांबा. तेच नाव परत वापरून दुसऱ्यांदा पाठवायचं असेल तर आधी व्होलाटाइल मेमरी क्लिअर करावी लागते.

व्होल्टेजचं गणित: ३२,७६७ भागिले ३१ भागिले २०० म्हणजे ५.२८५ मिलिव्होल्ट पीक, पीक-टू-पीक १०.५७. इतकं लहान थेट जनरेटरमधून काढलं तर नॉइजच जास्त दिसेल. हाय-झेड सेटिंगवर १०.५७ व्होल्ट काढा आणि बाहेर १०० किलोओम आणि १०० ओमचा डिव्हायडर लावा, हजारपट कमी होतं, आणि डिव्हायडर अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटला अगदी चिकटून ठेवा. हे फक्त यंत्राच्या टेस्टसाठी, जनरेटरची वायर कुणाच्याही अंगाला लावायची नाही, कुठल्याही कारणाने नाही.

शेवट आणि सुरुवात जुळत नाही म्हणून फाइल फिरून परत सुरू होताना एक उडी दिसेल. दोन ठोक्यांच्या मधल्या सपाट भागात, साधारण सारख्या उंचीला दोन्हीकडे कापा.

प्रश्न: बेंगळुरूत आरएफमध्ये काम करतो, तुमचा कॉलम आई घरून फोटो काढून पाठवते. व्हेक्टर सिग्नल जनरेटर, ई४४३८सी. आय आणि क्यूच्या, म्हणजे एकाच सिग्नलच्या ९० अंशांनी सरकलेल्या भागांच्या, दोन अ‍ॅरे एकामागे एक जोडून पाठवल्या. लोड होतं, पण स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर बँड भलताच येतो, आणि आजूबाजूला खांदे, म्हणजे बँडच्या कडेला नको असलेले उंचवटे, दिसतात.

आईंना नमस्कार सांगा! एकामागे एक नाही जोडायचे, गुंफायचे. पहिला आय, पहिला क्यू, दुसरा आय, दुसरा क्यू, प्रत्येकी २ बाइट, चिन्हासकट, मोठा बाइट आधी. एका सॅम्पलला ४ बाइट, हेडरमधली संख्या त्याच हिशोबाने. तुम्ही दिलंत तसं दिलं तर मशीन पहिल्या अर्ध्यात आयच्याच शेजारच्या दोन सॅम्पलची जोडी लावतं आणि दुसऱ्या अर्ध्यात क्यूच्या, म्हणून लोड होतं, एरर येत नाही, आणि सिग्नल तुमचा राहत नाही.

खांद्यांचं बघायला दोन ठिकाणं. एक, डेटा पूर्ण ३२,७६७ पर्यंत ताणला असेल तर थोडा आत घ्या, साधारण ७० टक्क्यांपर्यंत. मशीन तुमच्या सॅम्पलच्या मध्ये स्वतः पॉइंट भरतं आणि ते भरलेले पॉइंट तुमच्या शिखरापेक्षा वर जाऊ शकतात, तिथे डॅक ओव्हररेंज होतो. दोन, वेव्हफॉर्म फिरून परत सुरू होते त्या सांध्यावर फेज तुटत असेल. टोन असेल तर पूर्ण सायकल बसतील इतके सॅम्पल घ्या. मॉड्युलेटेड सिग्नल असेल तर पल्स शेपिंगचा फिल्टर गोल फिरवून लावा, म्हणजे शेवटच्या सिम्बॉलची शेपटी पहिल्या सिम्बॉलवर येऊ द्या. आधी एकच टोन पाठवा, कॅरिअरच्या वरच्या बाजूला १ मेगाहर्ट्झवर. तो खाली आला तर आय आणि क्यूची अदलाबदल झालीये.